नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी : कुंभाराच्या मुलासाठी क्लब मोडणारा फुटबॉलपटू

कारवारहून जोयड्याकडे जाताना वाटेत कुंभारवाडा हे गाव लागते. गोव्याच्या सीमेला भिडलेल्या जोयडा तालुक्यातील या गावाचे नाव ऐकले की गोमंतकीयांना आपले कुंभारजुवे आठवावे. चाकावर माती फिरवून घरोघरीच्या चुलीवर मडकी पोहोचविणाऱ्या एका कसबाची खूण अशा गावांनी आपल्या नावात जपून ठेवली आहे. देशाच्या दुसऱ्या टोकाला, कोलकात्यात, याच कसबाच्या घरात जन्मलेल्या एका तरुणामुळे भारतीय फुटबॉलच्या इतिहासाला वेगळे वळण लागले. त्या तरुणाचे नाव मणी दास. त्याला खेळता यावे म्हणून स्वतः उभारलेली संस्था मोडून टाकणाऱ्या माणसाचे नाव नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी.

भारतीय फुटबॉलचे जनक म्हणून नगेंद्रप्रसादांचा उल्लेख केला जातो. शाळेच्या पटांगणावर त्यांनी पहिला चेंडू आणला, ही गोष्ट बरीच सांगितली जाते. तो चेंडू कोणी खेळावा, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर मात्र तेवढे सांगितले जात नाही. त्यांच्या आयुष्याचे खरे मोल त्या उत्तरात आहे.

विद्वानांच्या घरातील मुलगा

नगेंद्रप्रसादांचा जन्म २७ ऑगस्ट १८६९ रोजी झाला. सर्वाधिकारी घराणे मूळचे हुगळी जिल्ह्यातील राधानगरचे. राजा राममोहन रॉय यांचेही हेच गाव. वडील सूर्यकुमार सर्वाधिकारी हे कोलकात्यातील नामांकित डॉक्टर होते. काका प्रसन्नकुमार यांनी संस्कृत महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविले. बंधू देवप्रसाद हे पुढे, १९१४ मध्ये, सर आशुतोष मुखर्जी यांच्यानंतर कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले. दुसरे बंधू सुरेशप्रसाद यांनी शल्यचिकित्सक म्हणून नाव मिळविले. ग्रंथ, पदव्या आणि परीक्षा यांनी भरलेल्या या घरात एका मुलाने मैदानाचा नाद धरावा, हे त्या काळात सहज पचणारे नव्हते.

त्या काळाचा रंगच तसा होता. बंगाली माणूस बुद्धीने तल्लख पण अंगाने दुबळा, असा शिक्का इंग्रज राज्यकर्त्यांनी मारला होता. लष्करभरतीसाठी त्यांनी काही जातीजमातींना लढवय्या ठरविले आणि सुशिक्षित बंगाली समाजाला त्या यादीबाहेर ठेवले. सतत ऐकावा लागणारा हा हिणकस शेरा कोलकात्याच्या शिकलेल्या तरुणांच्या मनात सलत होता. आखाडे आणि व्यायामशाळा निघत होत्या. पण गोऱ्या साहेबाशी त्याच्याच खेळात, त्याच्याच नियमांनी दोन हात करावेत, हा विचार अजून कोणाच्या मनात पक्का झाला नव्हता.

१८७७ ची सकाळ

नगेंद्रप्रसाद तेव्हा आठ वर्षांचे होते आणि हेअर स्कूलमध्ये शिकत होते. आईसोबत गंगास्नानाला जात असताना कोलकात्याच्या मैदानावर गोरे सैनिक चेंडू खेळताना त्यांनी पाहिले. गाडी थांबवून ते खाली उतरले आणि कडेला उभे राहिले. खेळता खेळता चेंडू त्यांच्याजवळ आला. त्यांनी तो उचलून पाहिला, मग सैनिकांकडे पायाने परत धाडला. चरित्रकारांनी जपलेली ही कथा बंगालमध्ये घरोघरी सांगितली जाते. भारतीय मुलाने चेंडूला मारलेली ती पहिली लाथ होती, असेही मोठ्या कौतुकाने म्हटले जाते. ती पहिली असो वा नसो, तिचा परिणाम मात्र दुसऱ्याच दिवशी शाळेत दिसू लागला.

नगेंद्रप्रसादांनी वर्गमित्रांना ती हकीकत सांगितली. मुलांनी वर्गणी काढली आणि एका इंग्रजी दुकानातून चेंडू विकत आणला. शाळेच्या पटांगणावर खेळ सुरू झाला. खेळ म्हणण्यापेक्षा तो गोंधळच होता. नियम कोणालाच ठाऊक नव्हते. त्यात चेंडूही चुकीचा निघाला. मुलांनी आणलेला चेंडू लांबुळका होता, म्हणजे रग्बीचा.

या चुकीत मुलांचा दोष नव्हता. इंग्लंडमध्ये फुटबॉल असोसिएशनची स्थापना १८६३ मध्ये आणि रग्बी संघटनेची १८७१ मध्ये झाली होती. एकाच खेळाच्या दोन शाखा नुकत्याच वेगळ्या झाल्या होत्या आणि दोन्हींना फुटबॉलच म्हटले जात होते. खुद्द कोलकात्यातील गोऱ्यांचा कलकत्ता फुटबॉल क्लब तेव्हा रग्बी खेळत असे. त्या क्लबचा कारभार आवरला तेव्हा उरलेल्या चांदीच्या रुपयांचा चषक घडवून तो इंग्लंडला धाडण्यात आला. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यातील रग्बी सामन्यासाठी दिला जाणारा कलकत्ता कप तो हाच.

हेअर स्कूलला लागूनच प्रेसिडेन्सी महाविद्यालय होते. तेथील प्राध्यापक जी. ए. स्टॅक यांनी सज्जातून मुलांची ही धडपड पाहिली. ते खाली आले, मुलांच्या हातातील चेंडू रग्बीचा असल्याचे त्यांनी समजावून सांगितले आणि नंतर त्यांना खरा, गोल चेंडू आणून दिला. खेळाचे नियमही त्यांनीच शिकविले. गोऱ्या प्राध्यापकाने आपल्या वर्गाबाहेरच्या, शेजारच्या शाळेतील पोरांसाठी खाली उतरावे, ही साधी वाटणारी गोष्ट भारतातील शालेय आणि महाविद्यालयीन फुटबॉलची सुरुवात ठरली.

कॉलेज स्ट्रीटवरील पटांगण

हेअर स्कूलच्या मुलांनी मग स्वतःचा बॉईज क्लब स्थापन केला. भारतीयांनी फुटबॉलसाठी काढलेल्या पहिल्या संस्थांत त्याची गणना होते. पटांगणाभोवती बघ्यांची गर्दी जमू लागली. हिंदू स्कूलमधील आणि प्रेसिडेन्सीतील विद्यार्थीही खेळात उतरले. शाळा संपवून नगेंद्रप्रसाद प्रेसिडेन्सी महाविद्यालयात दाखल झाले आणि तिथेही त्यांनी फुटबॉल रुजविला. शिवपूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय, वैद्यकीय महाविद्यालय, बिशप्स महाविद्यालय, सेंट झेवियर्स अशा संस्थांमधून १८८० च्या दशकात संघ उभे राहिले. सायंकाळी पुस्तके मिटली की मैदान गाठायचे, ही कोलकात्याच्या विद्यार्थ्यांची रीत बनली. पुढे महाविद्यालयांच्या आपसांतील स्पर्धेसाठी लेफ्टनंट गव्हर्नर इलियट यांच्या नावाची ढाल ठेवण्यात आली.

या परंपरेचा धागा मोहन बागानपर्यंतही पोहोचतो. १५ ऑगस्ट १८८९ रोजी स्थापन झालेल्या त्या क्लबचा पहिला सामना प्रेसिडेन्सीच्या ईडन हिंदू वसतिगृहातील विद्यार्थ्यांशी झाला. मोहन बागानच्या नावात आरंभी स्पोर्टिंग हा शब्द होता. शिकार किंवा मासेमारी न करणाऱ्या क्लबाला तो शब्द शोभत नाही, असे प्रेसिडेन्सीतील प्राध्यापक रो यांनी लक्षात आणून दिले आणि त्याजागी ॲथलेटिक हा शब्द आला. महाविद्यालये आणि क्लब त्या काळी किती जवळ होते, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

नगेंद्रप्रसाद स्वतः आघाडीला खेळत. देहयष्टी दणकट, स्वभाव निर्भय आणि संघटनेची हौस दांडगी. फुटबॉलसोबत क्रिकेट, रग्बी, हॉकी आणि टेनिस या खेळांतही त्यांना रस होता. एक संघ उभा राहिला की ते दुसऱ्याच्या तयारीला लागत. फ्रेंड्स क्लब, प्रेसिडेन्सी क्लब, वेलिंग्टन क्लब अशा संस्थांच्या उभारणीत त्यांचा हात होता. यांतील वेलिंग्टन क्लब सर्वांत भरभराटीला आला. शहरातील प्रतिष्ठित घराण्यांतील तरुण त्याचे सभासद होते. नगेंद्रप्रसादांच्या आयुष्यातील कसोटीचा क्षण याच क्लबमध्ये आला.

मणी दासचा प्रश्न

मणी दास हा कुंभाराचा मुलगा. त्याचा खेळ नगेंद्रप्रसादांच्या नजरेत भरला आणि त्यांनी त्याला वेलिंग्टन क्लबमध्ये घेण्याचे ठरविले. क्लबमधील कुलीन सभासदांना हे रुचले नाही. कुंभाराच्या मुलाने आपल्या पंक्तीला बसावे, आपल्या खांद्याला खांदा लावून मैदानात उतरावे, याला त्यांनी उघड विरोध केला. त्याच्या खेळाविषयी कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्याच्या जन्माविषयी.

या विरोधातील विसंगती आज सहज दिसते. हेच तरुण गोऱ्यांच्या क्लबांच्या दारात उभे राहू शकत नव्हते. कातडीच्या रंगामुळे आपल्याला मैदानाबाहेर ठेवले जाते, याची चीड त्यांच्या मनात होती. मात्र जो न्याय ते साहेबाकडे मागत होते, तो कुंभाराच्या मुलाला द्यायला ते तयार नव्हते.

नगेंद्रप्रसादांपुढे दोन सोपे मार्ग होते. मणी दासला समजावून माघारी धाडता आले असते, किंवा त्याला खेळू देऊन सभासदत्व मात्र नाकारता आले असते. दुसरा मार्ग त्या काळात सर्रास वापरला जात होता. मराठी वाचकांना त्याचे ठळक उदाहरण पुण्यात सापडते. जोयड्यापासून फार दूर नसलेल्या धारवाडात जन्मलेले फिरकी गोलंदाज पाळवणकर बाळू यांना पुण्यातील हिंदू क्लबाने १८९० च्या दशकात संघात घेतले, कारण त्यांच्या गोलंदाजीवाचून गोऱ्यांना हरविणे कठीण होते. पण चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. बाळूंचा हात क्लबाला हवा होता, माणूस मात्र नको होता.

नगेंद्रप्रसादांनी असली तडजोड स्वीकारली नाही. सभासद ऐकत नाहीत असे दिसताच त्यांनी वेलिंग्टन क्लबच विसर्जित केला. स्वतःच्या हातांनी उभी केलेली, नावारूपाला आलेली, पैशाने भक्कम असलेली ती संस्था होती. तारुण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या त्या खेळाडूने ती एका कुंभारपुत्रासाठी मोडीत काढली.

त्यानंतर त्यांनी शोभाबाजार क्लब स्थापन केला. शोभाबाजारचे देव घराणे कोलकात्यातील जुने आणि धनाढ्य. नगेंद्रप्रसाद त्या घराण्याचे जावई होते. घराण्यातील मंडळींनी क्लबला आश्रय दिला. नव्या क्लबच्या नोंदवहीत पहिला सभासद म्हणून मणी दासचे नाव लिहिले गेले. जातीचा विचार न करता जो खेळेल त्याला प्रवेश, हे धोरण या क्लबने आरंभापासून ठेवले. हा क्लब राजघराण्याच्या पैशावर उभा होता, हेही खरे. पण त्या पैशाच्या बदल्यात मैदानाचे दार बंद होऊ न देण्याची दक्षता नगेंद्रप्रसादांनी घेतली.

१८९२ चा विजय

१८८९ मध्ये कोलकात्यात ट्रेड्स कप ही स्पर्धा सुरू झाली. शोभाबाजार हा तिच्यात उतरणारा एकमेव भारतीय संघ होता. समोर असत ते लष्करी पलटणींचे आणि गोऱ्यांच्या क्लबांचे संघ. पायात जड बूट, अंगात पलटणीची कसरत आणि बालपणापासूनचा सराव, अशी त्यांची जमेची बाजू होती. पहिल्या काही वर्षांत भारतीय संघाच्या वाट्याला पराभवच आले. तरी शोभाबाजारने स्पर्धा सोडली नाही.

१८९२ मध्ये शोभाबाजारची गाठ ईस्ट सरे रेजिमेंटशी पडली आणि शोभाबाजारने तो सामना २-१ असा जिंकला. महत्त्वाच्या स्पर्धेत भारतीय संघाने गोऱ्या संघाला हरविण्याची ही पहिलीच वेळ होती. दुबळेपणाचा शिक्का बसलेल्या समाजाला या विजयाने काय दिले असेल, याची कल्पना आज करता येते. साहेबाला हरविता येते, ही गोष्ट आता बोलण्यापुरती राहिली नव्हती.

मोहन बागानने २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे नमवून आयएफए शील्ड जिंकली, तो दिवस भारतीय फुटबॉलचा सुवर्णदिन मानला जातो. त्या संघातील दहा खेळाडू अनवाणी खेळले. पायात बूट असलेले एकमेव खेळाडू सुधीर चटर्जी हे महाविद्यालयात अध्यापन करणारे गृहस्थ होते. त्या विजयाच्या १९ वर्षे आधी शोभाबाजारने त्याची वाट मोकळी केली होती. गोल फरकही तोच, २-१.

१८९३ मध्ये इंडियन फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली आणि आयएफए शील्ड स्पर्धा सुरू झाली. या घडामोडींत नगेंद्रप्रसादांचाही वाटा होता. पहिली शील्ड रॉयल आयरिश रायफल्सने जिंकली. शोभाबाजार त्या स्पर्धेतही खेळला. मात्र संघटनेची सूत्रे गोऱ्यांच्याच हाती राहिली. १८९८ मध्ये सुरू झालेल्या कलकत्ता लीगमध्ये भारतीय क्लबांना कितीतरी वर्षे प्रवेश नव्हता. १९१४ मध्ये मोहन बागान आणि आर्यन या दोन क्लबांना दुसऱ्या श्रेणीत जागा मिळाली, तेव्हा कुठे ते दार किलकिले झाले.

मैदानाचा निरोप

१९०२ च्या सुमारास नगेंद्रप्रसादांनी खेळातून निवृत्ती घेतली. हेअर स्कूलच्या पटांगणावर चेंडू आणला त्याला पंचवीस वर्षे होत आली होती. या काळात ते सुमारे ७०० सामने खेळले, असे त्यांच्या चरित्रात नमूद केले जाते. पुढे त्यांनी वकिलीच्या व्यवसायात लक्ष घातले. घराण्याच्या विद्वत्तेची परंपरा त्यांनीही आपल्या परीने सांभाळली, पण लोकांच्या स्मरणात ते राहिले ते मैदानावरील माणूस म्हणून.

त्यांच्या निवृत्तीनंतर शोभाबाजार क्लबचे तेज ओसरत गेले. संस्था एका माणसाच्या जिद्दीवर उभी असली की असे घडते. १९०६ पासून सलग तीन वर्षे मोहन बागानने ट्रेड्स कप जिंकला आणि लोकांच्या आशा त्या क्लबकडे वळल्या. शोभाबाजारचे नाव हळूहळू इतिहासाच्या पानांत गेले. मणी दासचे नाव तर त्याहून लवकर विसरले गेले.

१७ जानेवारी १९४० रोजी नगेंद्रप्रसादांचे निधन झाले. त्यापूर्वी, १९३७ मध्ये, अखिल भारतीय फुटबॉल महासंघ स्थापन झाला होता. रग्बीच्या चेंडूने सुरू झालेला एका शाळेतील खेळ देशाचा खेळ झालेला त्यांना पाहता आला. २०२१ मध्ये त्यांच्या जीवनावर गोलोंदाज हा बंगाली चित्रपट आला आणि नव्या पिढीला त्यांची ओळख झाली. विद्यापीठांच्या अखिल भारतीय फुटबॉल स्पर्धेतील चषकाला सर आशुतोष मुखर्जी यांचे नाव आहे. विद्यापीठाच्या कार्यालयात आशुतोषांची जागा देवप्रसाद सर्वाधिकारी यांनी घेतली. विद्यापीठाच्या मैदानावरचा वारसा मात्र देवप्रसादांच्या धाकट्या बंधूने आधीच घडवून ठेवला होता.

गोव्याला या कथेतून काय मिळते

गोव्यात फुटबॉल आला तो वेगळ्या वाटेने. १८८३ मध्ये फादर विल्यम लायन्स या धर्मगुरूंनी शिवोलीत या खेळाची ओळख करून दिली, असे मानले जाते. कोलकात्यात प्राध्यापक स्टॅक, शिवोलीत फादर लायन्स. दोन्हीकडे खेळ रुजला तो शिक्षकाच्या हातून आणि विद्यार्थ्यांच्या पायांतून. शंभर वर्षांनी, १९८२-८३ च्या मोसमात, संतोष करंडकाचे संयुक्त विजेतेपद बंगाल आणि गोवा यांनी वाटून घेतले, तेव्हा या दोन वाटा एकाच मैदानावर येऊन मिळाल्या.

पावसाळ्यात गोव्यातील शेतमळ्यांत आणि अनमोडपलीकडच्या जोयडा तालुक्यातील शाळांच्या पटांगणांवर चिखलात चेंडू मागे धावणारी मुले दिसतात. चिखलाने माखलेल्या मुलांत कोण कोणाच्या घरचा, हे ओळखू येत नाही. खेळाची ही मोठी शिकवण आहे. संघाची निवड करताना मात्र घर, वाडा आणि आडनाव विचारले जाते, तेव्हा ती शिकवण पुसली जाते. ते विचारणारे लोक वेलिंग्टन क्लबच्या सभासदांहून वेगळे नसतात.

कुंभाराच्या चाकावरील मातीला आकार येतो तो हातांच्या दाबाने. नगेंद्रप्रसादांनी मणी दाससाठी जो दाब सोसला, त्याने भारतीय फुटबॉलला आकार दिला. चेंडू आणणारे हात पुष्कळ असतात. आपण उभारलेली संस्था खेळाडूच्या हक्कासाठी मोडायची तयारी असलेला संघटक क्वचितच लाभतो. कोलकात्याला तो फार लवकर लाभला.